रोमचं इन्स्पेक्शन

बांधकाम खात्यातला माणूस निवृत्त होतो म्हणजे त्याची हद्द वाढते. नोकरीत असताना त्याच्याकडे एक सबडिव्हिजन असतं; निवृत्तीनंतर सगळं जग त्याच्या अखत्यारीत येतं. आमच्या सोसायटीतल्या इंजिनिअर काकांकडे बघितलं की हे पटतं. डेप्युटी इंजिनिअर म्हणून रिटायर होऊन त्यांना बारा वर्षं झाली, पण कुणाकडे चहाला गेले तरी कप हातात घेण्याआधी ते बोटाच्या पेरानं भिंत ठोकून बघतात. आवाज भरीव आला तर चहा पितात. पोकळ आला तर ‘प्लास्टर सुटलंय’ एवढं सांगून मग चहा पितात. लग्नात सगळ्यांचे डोळे अंतरपाटाकडे असतात तेव्हा काकांचे डोळे हॉलच्या बीमकडे असतात. त्यांच्या स्वतःच्या लग्नातही असंच झालं होतं, असं काकू सांगतात.

बांधकामाबद्दल काकांचे शेरे तीनच. ‘पाडून टाका’, ‘चालेल’ आणि ‘काम आहे!’ यातला पहिला शेरा आमच्या सगळ्या इमारतीला मिळालेला आहे. दुसरा क्वचित मिळतो. तिसरा आहे असं नुसतं ऐकून होतो. पंधरा वर्षांच्या शेजारात मी तो कधी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता.

मी सोसायटीचा सेक्रेटरी. त्यामुळे काकांचा सगळा पत्रव्यवहार माझ्या नावानं. त्यातलं एक पत्र तीन वर्षं नियमानं येत होतं : ‘गच्चीवर पावसाळी पाइपाशेजारी पॅरापेटमध्ये पिंपळ उगवला आहे. तो त्वरित काढावा.’ मीही त्यावर तीन वर्षं नियमानं लिहीत होतो : ‘पुढील बैठकीत विषय घ्यावा.’

अशा माणसाबरोबर बारा दिवसांच्या युरोप टूरला जाण्याचा योग आला. आम्ही चाळीस जण, बहुतेक सातारा-पुण्याकडचे. काकांच्या खिशात पाच मीटरची स्टीलची टेप. पॅरिसमध्ये आयफेल टॉवरखाली त्यांनी एवढंच विचारलं, की रंग किती वर्षांनी देता? साधारण सात, असं कळल्यावर मान डोलावली. प्रत्येक हॉटेलात ते आधी बाथरूमच्या फरशीवर तांब्याभर पाणी ओतून ढाळ बघत. पिसाच्या मनोऱ्यासमोर तर त्यांना हसू आवरेना. "बिघडलेलं काम बघायला लोक तिकीट काढून येतात! आमच्या वेळी असं झालं की चौकशी लागायची."

मग रोम आलं.

कोपऱ्यावरून वळलो आणि कलोसियम एकदम समोर उभं राहिलं. चाळीस जणांचे एकोणचाळीस मोबाइल वर गेले. काकांची नजर खाली गेली.

"पाणी कुठे जातं?" त्यांनी विचारलं.

आमची गाइड मध्यमवयीन रोमन बाई होती, हसतमुख, हातात पिवळी छत्री. तिनं सिंहांपासून सुरुवात करायचं ठरवलेलं असणार. पण प्रश्न ऐकून ती थबकली आणि म्हणाली, की इथे तर मुळात तळंच होतं. इ.स. ६४ मध्ये रोमला मोठी आग लागली. जळलेल्या वस्तीच्या जागेवर नीरो बादशहानं स्वतःसाठी ऐसपैस महाल बांधला आणि या खोलगटात कृत्रिम तळं केलं. नीरो गेल्यावर वेस्पाशियन आला. त्यानं तळं उपसलं आणि बादशहाच्या खासगी बागेत लोकांसाठी क्रीडागार काढलं.

"तळं उपसून त्यावर जवळजवळ पन्नास मीटर उंच इमारत?" काकांचा आवाज उतरला. "पाया किती?"

"बारा-तेरा मीटर खोल, लंबवर्तुळाचं अख्खं काँक्रीटचं कडं."

"सिमेंट नसताना?"

चुना आणि ज्वालामुखीची राख, बाई म्हणाली. ही राख मिसळलेला चुना पाण्यातही धरतो. काका माझ्याकडे वळले. "सुरखी! आपल्याकडे चुन्यात विटांची भुकटी घालायचे, तेच हे. यांना ती डोंगरानंच दळून दिली." तिथून पुढे बाई आमच्या गटाची राहिली नाही, काकांची झाली.

"काम किती वर्षं चाललं?"

इ.स. ७० नंतर वेस्पाशियननं काम काढलं. ७९ मध्ये तो वारला. ८० मध्ये त्याचा मुलगा टायटस यानं उद्घाटन केलं, शंभर दिवस खेळ करून.

"साहेब बदलला तरी काम थांबलं नाही?" काकांना हे पटेना.

"मुलगाच होता ना पण."

"मुलगा असला म्हणून काय झालं? नवा साहेब जुन्या साहेबाची फाइल पुढे नेत नसतो."

मग बाईनं सांगितलं, की आखाड्याखालचे भुयारी मजले मात्र उद्घाटनानंतर झाले, टायटसचा धाकटा भाऊ डोमिशियन याच्या काळात. तेव्हा कुठे काकांच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू आलं. उद्घाटन आधी, काम नंतर! रोमन लोक त्यांना त्या क्षणी पहिल्यांदा आपल्या खात्यातले वाटले.

पुढचा प्रश्न अर्थातच निधीचा. इ.स. ७० मध्ये टायटसनं जेरुसलेम जिंकून तिथलं मंदिर उद्ध्वस्त केलं. त्या युद्धातल्या लुटीतून हे उभं राहिलं. हे कळलं कसं, तेही ऐकण्यासारखं. इथे सापडलेल्या एका शिळेवर पाचव्या शतकातल्या दुरुस्तीचा लेख कोरलेला आहे. पण त्याच शिळेवर आधी ब्राँझची अक्षरं बसवलेली होती. अक्षरं गेली, ती ठोकायची भोकं राहिली. गेझा अल्फल्डी नावाच्या अभ्यासकानं नुसत्या भोकांवरून मूळ मजकूर जुळवला.

"भोकांवरून बजेटचं हेड काढलं?" काकांनी कपाळाला हात लावला. "इथे पावत्या असून निघत नाही."

भोकांवरून आठवलं. सगळ्या इमारतीचा दर्शनी दगड देवी आलेल्या चेहऱ्यासारखा खळग्याखळग्यांचा आहे. महायुद्धातल्या गोळ्या असणार, असं मी काकूंना समजावून सांगत होतो. काकांनी जवळ जाऊन एका खळग्यात बोट घातलं, बोटाला लागलेली माती हुंगली आणि निकाल दिला, "भंगारवाले." बाईनं दुजोरा दिला. तिवोलीजवळच्या खाणींतून आणलेला ट्रॅव्हर्टाइन दगड इथे चुन्याशिवाय बसवला होता. दगडाला दगड लोखंडी आकड्यांनी जोडलेला. असं तीनेकशे टन लोखंड होतं म्हणतात. मध्ययुगात लोकांनी दगड कोरकोरून ते काढून नेलं.

"सांधे गेले तरी उभं आहे," काका पुटपुटले. त्यांनी ठोकायला हात उचलला होता, पण पहारेकऱ्यानं शिटी वाजवली.

तळमजल्यावर ऐंशी कमानी. त्यातल्या शहात्तर कमानींवर रोमन आकड्यांत नंबर कोरलेले, चार मानकऱ्यांच्या म्हणून बिननंबरी. उत्तरेकडच्या बाजूला २३ ते ५४ हे नंबर अजून वाचता येतात. काकांनी ते ओळीनं वाचले. पन्नास हजार माणसं आपापला नंबर बघून आत शिरायची, आपल्याच जिन्यानं चढायची आणि तशीच बाहेर पडायची. आत बसायची व्यवस्थाही पक्की : पुढे संगमरवरावर सिनेटर, मागे सरदार, त्यावर सामान्य नागरिक आणि अगदी वर लाकडी बाकांवर बायका.

"म्हणजे जिना सगळ्यात जास्त बायकांनीच चढायचा," काकू म्हणाल्या. त्यांचा रोमशी पहिला खटका इथे उडाला.

बाईला आता काकांची नस सापडली होती. रोममध्ये अर्वाल नावाचं एक पुरोहितमंडळ होतं, ती सांगू लागली. त्यांच्या दप्तरात इ.स. ८० ची नोंद आहे, की नव्या क्रीडागारात मंडळाला कुठल्या मजल्यावर किती जागा मिळाली. नोंद फुटांत आहे.

"फुटांत?" काकांनी मला कोपरानं ढोसलं. "सेक्रेटरी, यांचं एम. बी. आहे! मेजरमेंट बुक! दोन हजार वर्षांपूर्वीचं! आपल्या सोसायटीचं गेल्या वर्षीचं सापडत नाही."

मी विषय बदलायला आखाड्याकडे बोट दाखवलं. जुनी लाकडी जमीन केव्हाच गेलेली असल्यामुळे वरून थेट खालची भुयारं दिसतात : अरुंद बोळ, कोठड्या, दोरखंड ओढायच्या रहाटांच्या खुणा. माणसं रहाट फिरवायची, पिंजरा वर चढायचा, फळी उघडायची आणि वाळूत अचानक बिबळ्या उभा राहायचा. टायटसच्या त्या शंभर दिवसांत नऊ हजार जनावरं मारली गेली, असं डायो कॅशियस या इतिहासकारानं लिहून ठेवलंय. माणसं किती मेली त्याचा आकडा त्यानं दिलेला नाही. आमच्या गटातून "बाप रे" असा एक सामुदायिक उद्गार निघाला. मग शांतता पसरली.

त्या शांततेत काकांनी विचारलं, "मग धुवायचं पाणी कुठून आणायचे? आणि गटार कुठे?"

"अहो!" काकू कडाडल्या. "इथे माणसं मारत होते, आणि तुम्हाला गटार सुचतंय!"

पण गटार होतं, आणि त्याचीही गोष्ट होती. पुरातत्त्ववाल्यांनी अलीकडे ते साफ केलं तेव्हा त्यात अस्वलांची हाडं, नाणी, अंजिराच्या आणि द्राक्षांच्या बिया सापडल्या. खाली जीव जात होता आणि वर लोक द्राक्षं खात होते. हे ऐकल्यावर काका बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "इस्टिमेटला पहिला रकाना असतो, कामाचं प्रयोजन. दर्जा वेगळा, प्रयोजन वेगळं. मी दोन्ही तपासतो. दर्जा पास. प्रयोजन नापास."

जगात कुठे कुणाची फाशी रद्द झाली, किंवा एखाद्या देशानं ती शिक्षाच काढून टाकली, की रात्री या इमारतीवर खास रोषणाई करायची पद्धत गेली काही वर्षं आहे, असं बाईनं सांगितलं. काकूंनी हात जोडले. "थोडं तरी फेडताहेत."

बाहेर आल्यावर काकांना आणखी एक गोष्ट खटकली. बाहेरचं उंच कडं निम्मंच आहे. उत्तरेकडे चार मजले उभे, दक्षिणेकडे एकदम आतली भिंत उघडी. "हे निम्मं कुठे गेलं?"

१३४९ च्या भूकंपात, बाई म्हणाली. दक्षिणेकडची जमीन गाळाची, भुसभुशीत; ती बाजू कोसळली. काका गंभीर झाले. १९६७ चा कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ते डिप्लोमाला होते. "भूकंप इमारत बघत नाही," ते म्हणाले, "जमीन बघतो."

पडलेल्या दगडांचं पुढे काय झालं? रोमनं ते वापरले. राजवाडे, चर्च, पूल, जिथे लागेल तिथे. सेंट पीटर्सच्या कामालाही इथला दगड गेला. १४५२ मध्ये एका कंत्राटदारानं नऊ महिन्यांत २,५२२ गाड्या दगड नेल्याची नोंद आहे.

मला वाटलं, काका आता संतापणार. ते म्हणाले, "गाडीन्‌गाडी मोजलेली आहे. चोरी असली तरी दप्तर चोख आहे."

असा हा दीड हजार वर्षांचा हलगर्जीपणा बाईनं वाचून दाखवला आणि काकांनी तो एखाद्या चौकशी अधिकाऱ्यासारखा ऐकून घेतला. २१७ मध्ये वीज पडून लागलेली आग. शेवटच्या शिकारी ५२३ मध्ये. मग बाराव्या शतकात एका सरदार घराण्यानं इथे केलेली गढी. सोळाव्या शतकात एका पोपच्या मनात इथे लोकरीचा कारखाना काढायचं होतं. तो वारला म्हणून वाचलं. १७४९ मध्ये दुसऱ्या पोपनं ही हुतात्म्यांची जागा म्हणून पवित्र ठरवली आणि दगड नेणं थांबलं. मधूनच एक भला माणूस चमकून गेला. पाचव्या-सहाव्या शतकाच्या सांध्यावर बॅसिलियस नावाच्या नगरप्रमुखानं भूकंपात मोडलेला आखाडा स्वखर्चानं नीट केला आणि तसा शिलालेख लावला.

"दुरुस्तीची पाटी?" काकांनी टोपी काढली. "आयुष्यात पहिल्यांदा बघतोय. नव्या कामाची फीत कापायला रांग लागते हो, दुरुस्तीची फीत कोण कापतं?"

अगदी अलीकडची, २०१३ ते २०१६ मधली साफसफाई आणि डागडुजी टॉड्स या बूट बनवणाऱ्या इटालियन कंपनीच्या अडीच कोटी युरोंतून झाली. "बुटाची कंपनी?" काका म्हणाले. "बरोबर आहे. पायाचं महत्त्व त्यांनाच कळणार."

शेवटी बाईनं एक गंमत सांगितली. एके काळी इथे इतकं रान माजलं होतं, की रिचर्ड डीकिन नावाच्या इंग्रज डॉक्टरनं १८५५ मध्ये नुसत्या कलोसियममधल्या वनस्पतींवर पुस्तक लिहिलं. चारशे वीस जाती! पुढे १८७१ च्या सुमारास सगळं उपटून काढलं. आमच्या गटातल्या बायका हळहळल्या. काका हळूच माझ्याकडे वळले.

"चारशे वीस," ते म्हणाले. "आपल्याकडे एकच आहे."

मी आइस्क्रीमच्या रांगेकडे सरकलो.

बसची वेळ झाली आणि काका गायब. टूर मॅनेजर पोरगा घामाघूम झाला. काकू निवांत होत्या. "जिथे काहीतरी पडायला आलंय तिथे बघा," त्या म्हणाल्या.

मी वळसा घालून पूर्वेच्या टोकाला गेलो. बाहेरचं कडं जिथे तुटून संपतं तिथे विटांची एक आडदांड, उतरती भिंत टेकू म्हणून लावलेली आहे. दिसायला कुरूप. बाईनं दोन वाक्यांत ती उरकली होती : भूकंपाच्या हादऱ्यानं हे टोक निखळायला लागलं, तेव्हा १८०७ च्या सुमारास पोप सातवा पायस याच्या काळात राफाएले स्टर्न या वास्तुविशारदानं ती बांधली. काका तिच्यासमोर कुंपणाला टेकून उभे होते. टेप बाहेर काढलेली. कुंपणामुळे हात पोचत नव्हता, म्हणून एक डोळा मिटून हवेतच मोजमाप चाललं होतं.

"काका, बस निघाली."

"इकडे ये. ती कमान बघ. मधला चावीचा दगड बघ."

मी पाहिलं. कमानीतले दगड जागचे सरकलेले होते. मधला तर खाली उतरून वाकडा अडकलेला. आणि त्याच अवस्थेत, पडता पडता, चहूबाजूंनी विटांनी चिणलेला.

"घसरतोय बघ तो," काका म्हणाले. "दोनशे वर्षं घसरतोय आणि पडत नाही. या गृहस्थानं सरळ करायच्या भानगडीत पडायचं नाही असं ठरवलं. सरळ करायला गेला असता तर सगळं अंगावर आलं असतं. छान दिसेल असंही काही केलं नाही. पडत होतं तिथल्या तिथे धरलं, बस्स." मग थोडं थांबून म्हणाले, "माझ्याकडे एक जुना दगडी पूल होता. तीन कमानींचा. आठ वर्षं होता माझ्याकडे. दर वर्षी पावसाळ्याआधी सांधे भरायचे, फटीतली झाडं काढायची. एका रात्री पूर आला तेव्हा मधली कमान उतरायला लागली. आम्ही अकरा जणांनी खालून वाळूची पोती आणि ओंडके लावले. सकाळी एसटी गेली त्यावरून. कुणाला काही कळलंसुद्धा नाही."

"मग?"

"मग काय? कुणाला कळलं नाही म्हणजेच काम झालं."

पश्चिमेच्या टोकाला असाच आणखी एक टेकू आहे, वीसेक वर्षांनी व्हालादिएर यानं केलेला. कमानींवर कमानी, मूळच्या रूपाशी जुळवून घेतलेला, देखणा. फोटोवाले त्याचे फोटो काढतात. काकांनी तो जाताजाता पाहिला होता. त्याला ‘चालेल’ मिळालं होतं. खुद्द कलोसियमला काय मिळालं, ते मी विचारलं नाही. प्रयोजनात नापास झालेल्याला काका श्रेणी देत नाहीत.

त्यांनी टेप मिटली, खिशात टाकली, टोपी नीट केली आणि त्या कुरूप विटांच्या भिंतीकडे बघून म्हणाले, "काम आहे!"

बसमध्ये सगळे आमच्यावर चिडलेले होते. काकूंनी काकांच्या हातावर पाच सेंटचं एक नाणं ठेवलं. इटलीच्या पाच सेंटवर कलोसियमच असतं. काकांनी चष्मा वर करून ते निरखलं आणि म्हणाले, "यात टेकू दिसत नाही." मग नाणं परत केलं आणि झोपी गेले.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी मी गच्चीवर गेलो. पिंपळ माझ्या कमरेएवढा झाला होता. तो काढायला एक गवंडी, एक बिगारी आणि तीन तास लागले. मूळ पॅरापेटच्या आत दीड फूट शिरलेलं होतं आणि पाइपाचा सांधा त्यानं उचलून ठेवला होता. गवंड्यानं भोक साफ करून सिमेंट भरलं. काका वर आले, टेप काढून मूळ मोजलं, आकडा माझ्याकडून वहीत लिहून घेतला. मग पेरानं भिंत ठोकली, कान लावला आणि म्हणाले, "चालेल."